हिरो सोडा, भिंत बघा

बोईसरच्या एका थेटरातून काकांना दोनदा बाहेर काढलं. पहिल्यांदाची हकिगत मला काकूंनी सांगितली. दुसऱ्यांदा मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

सिनेमा अंतराळातला होता. यानाला भोक पडलेलं, हिरो टोप चढवून बाहेर तरंगतोय, आणि तरंगता तरंगता त्याला घरची आठवण येतेय. मागे व्हायोलिन. दोन मिनिटं झाली, चार झाली. काका उठून उभे राहिले आणि पडद्याकडे हात करून ओरडले, "अरे रडतोस काय! हवा किती उरली ते सांग!"

मागच्या रांगांतली कुटुंबं "बसा हो, बसा" करू लागली. पुढच्या रांगेत कारखान्यांतली पाचसहा पोरं होती, त्यांनी शिट्ट्या मारल्या. त्यातला एक म्हणाला, "सही पकड़ा अंकल! टंकी में कितना बचा, वो तो दिखाया ही नहीं!" तेवढ्यात बॅटरीवाला आला. काका त्याच्याशी भांडले नाहीत. पिशवी उचलली आणि जाता जाता त्या पोरांपाशी थांबले.

"तुमी गेम खेळता ना?"

पोरं हसली.

"वाटलंच," काका म्हणाले आणि ऐटीत बाहेर पडले. सत्कार करून निरोप दिल्यासारखे.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर मी विचारलं, कसं ओळखलंत? काका म्हणाले, "मागच्यांना काळजी, तो घरी पोचंल का. पुढच्यांना काळजी, हवा किती हाय. ज्याने गेम खेळलाय त्याला ठाऊक असतं गो बाय, हवा मोजली नाय तर घर नाय."

मला या माणसाचा अभिमान आहे आणि तो मी दबक्या आवाजात लिहिणार नाही. आमच्या पट्ट्यात पुढाऱ्यांचे फलक चौकाचौकात लागतात. कुणाच्या वाढदिवसाचे, कुणाच्या निवडीचे. काकांचा फलक कधी लागला नाही. नाव लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. "नाव लिवलंस तर मी वाचणार नाय," एवढंच उत्तर आलं. म्हणून नाव नाही. बाकी सगळं लिहिते.

सालवडला त्यांची चार खोल्यांची चाळ होती. एका खोलीत ते आणि काकू, उरलेल्या तीन भाड्याने. मूळचे केळव्याकडचे, पानवेलींची वाडी असलेल्या घरातले. तरुणपणी कारखान्यात लागले, शिफ्ट इन्चार्ज होऊन निवृत्त झाले आणि वाडीकडे परत न जाता इथेच राहिले. मी कामगार संघटनेचं काम करायला बोईसरला आले तेव्हा खोली बघायला त्यांच्याकडे गेले. कुठलीही पोरगी एकटी खोली मागायला गेली की जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं मी रागाने पाठ करून ठेवली होती. लग्न, जात, रात्री किती वाजता येणार, कोण येणार. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"या खोलीतनं भायेर पडायच्या वाटा किती?"

मी म्हटलं, एक. दार.

"दोन. खिडकीचे गज आतनं निघतात. मी तसे बसवलेत. काढून दाखव."

मी गज काढून दाखवले. खोली मिळाली.

कुठल्याही नव्या इमारतीत गेले की काका आधी भिंतीच्या कडेकडेने एक फेरी मारायचे. दवाखाना असो, बँक असो. मनोरला काकूंच्या माहेरचं लग्न होतं, मीही गेले होते. अक्षता पडायला आल्या तरी काका दिसेनात. ते हॉलच्या मागच्या भिंतीने चालत होते, मधेच पडदा बाजूला करून बघत होते. नवरीच्या मामांना वाटलं म्हातारा अडचणीत आहे. ते हळूच जवळ गेले.

"बाथरूम बघताय का? या, दाखवतो."

"नाय हो. दारं मोजतंय."

"किती झाली?"

"तीन. त्यातलं एक तुमी पंगतीच्या टेबलांनी अडवलंय."

मामांनी टेबलं हलवली नाहीत. काकांनी हलवली. स्वतः, जिलेबीच्या पातेल्यासकट. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "ह्यांना लग्नाला आणू नये आणि आणलं तर ह्यांची ओळख सांगू नये."

आता गेमबद्दल. एका भाडेकरूने गावी जाताना जुनं गेमचं यंत्र खोलीतच टाकलं होतं. काकांनी ते टीव्हीला जोडलं. सत्तरी गाठलेला माणूस, नाकावर चष्मा, हातात तो दोन कानांचा कंट्रोलर, आणि पडद्यावर परग्रहावरचा बंदूकधारी शिपाई. पण शिपाई गोळी झाडायचा नाही. तो भिंतीच्या कडेने चालायचा. प्रत्येक खोलीचा कोपरा न् कोपरा, प्रत्येक पाइप, प्रत्येक झडप. शत्रू आला की काका शिपायाला आल्या वाटेने मागे न्यायचे. बाजूच्या खोलीत गुड्डू राहायचा, बिहारचा, एका कारखान्यात पॅकिंगला. तो दारात उभा राहून हसायचा.

"अंकल गेम नहीं खेलते, अंकल सर्वे करते हैं। अरे मारो ना उसको!"

"मारके क्या मिलेगा?"

"पॉइंट!"

"पॉइंट लेके कहाँ जाएगा? दरवाज़ा कहाँ है, मालूम है?"

गुड्डूला ठाऊक नसायचं. काकांना असायचं. तीन महिन्यांनी गुड्डू हसायचा बंद झाला आणि शेजारी बसून विचारायला लागला, "अंकल, अब किधर?" मग त्याचे मित्र आले. मग विक्रमगडकडची रंजना आली. ती गुड्डूच्याच कारखान्यात पॅकिंगला होती आणि कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मोबाइलवर गेम खेळायची. ती पहिल्यांदा आली तेव्हा पोरं जरा चपापली. तिने कंट्रोलर घेतला आणि अर्ध्या तासात सगळ्यांना गप्प केलं. काका मला ओरडून म्हणाले, "बाय, ये बघ, हिची नजर बघ! ही नाचणीच्या शेतात रानडुकराची वाट शोधणारी पोर हाय, ही चुकणार नाय."

विज्ञानकथेचे सिनेमे हा त्यांचा दुसरा नाद. पेनड्राइव्हवर बरेच होते. सिनेमा एकदा आवाज बंद करून बघायचा, मग आवाज लावून. कौटुंबिक सिनेमे त्यांना चालत नसत. ते म्हणत, त्यात कुठलीही अडचण कुणीतरी माफी मागितली की सुटते. इथे तसं नाही. इथे पहिल्या वीस मिनिटांत सांगून टाकतात, या ग्रहावर वजन किती, हवा किती, कुठलं दार कशाने उघडतं. साध्या प्रेक्षकाला ही वीस मिनिटं कंटाळवाणी वाटतात. तो म्हणतो, गोष्ट कधी सुरू होणार? गेम खेळणारा तिथेच सरसावून बसतो. त्याच्यासाठी गोष्ट सुरू झालेली असते. त्याला नियम मिळालेत. आता कुणी नियम मोडला की तो ओरडणार.

"आणि दुसरं," काका म्हणायचे, "खेळणारा हिरोकडे बघत नाय. हिरो कुठं पळून जातोय? तो त्याच्या मागच्या भिंतीकडे बघतो. गेममधे सगळा माल भिंतीला असतो. चावी, शिडी, भोक. हिरो सोडा, भिंत बघा."

तिसरी गोष्ट त्यांनी मला खूप नंतर सांगितली. खेळणारा हजारदा मेलेला असतो. म्हणून पडद्यावर कुणी मेलं तर तो लगेच रडत नाही. तो आधी विचारतो, हे मरण टळलं असतं का? टळण्यासारखं असलं तर तो रडत नाही, चिडतो.

हे ऐकलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. चिडणं हे माझं काम होतं, आणि मी नीट चिडत नव्हते.

सांगते कसं ते. मी संघटनेची पत्रकं लिहायचे. अठराव्या वर्षापासून लिहीत आले, हात बसला होता. "कामगार बंधूभगिनींनो!" पुढे "मुजोर", "नफेखोर", "निर्लज्ज". पुढे "आम्ही विचारतो!" आणि प्रश्न. सुरक्षिततेवर तीन पत्रकं काढली, शिफ्ट सुटताना फाटकाबाहेर उभी राहून वाटली. तिसऱ्या पत्रकात लोकांनी वडापाव खाल्ला. माझ्यादेखत. "निर्लज्ज" या शब्दावर चटणी सांडलेली मी पाहिली आहे. सभेला चौदा माणसं आली, त्यातली नऊ आमचीच. बाकी सगळे कुठे होते? खोल्यांत. मोबाइलवर गेम खेळत.

मी काकांच्या ओसरीवर येऊन थयथयाट केला. ही पोरं म्हणजे मेलेली पिढी, ह्यांना गेम पाहिजे, स्वतःच्या जिवाची पर्वा नाही.

काकांनी पत्रक मागितलं. चष्मा लावून पूर्ण वाचलं. असं पूर्ण वाचणारा मी पाहिलेला तो पहिला माणूस.

"बाय, ह्यात दार कुठं हाय?"

"कसलं दार?"

"सुरक्षितता म्हणतेस. आग लागली तर पोर कुठनं पळणार, ते ह्यात कुठं हाय?"

मी म्हटलं, ते तपशील आहेत. मूळ प्रश्न व्यवस्थेचा आहे.

"व्यवस्थेला दार नसतं का गो?" एवढं बोलून ते आत गेले आणि पेनड्राइव्ह घेऊन आले. "ह्या पोरांना सिनेमा दाखव. सभा म्हणू नको."

संघटनेच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा आमच्या ज्येष्ठ भाऊंनी कपाळाला हात लावला. परग्रहावरचा सिनेमा? कामगारांना? हा पलायनवाद आहे. मीही मनातून तेच म्हणत होते, फक्त माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. शेवटी प्रोजेक्टर मिळाला, भाषणांसाठी घेतलेला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी चाळीमागच्या शेडमध्ये खिडक्यांना गोणपाट लावून आम्ही पडदा टांगला. मी तीस माणसं धरली होती. सत्तरच्या वर आली. उकाड्याने जीव जात होता आणि कुणी उठत नव्हतं. भाऊ पहिल्या रांगेत खुर्चीवर, हाताची घडी घालून.

सिनेमाचं नाव कुणाला आठवत नाही, गाजलेला नव्हताच. एका ओसाड ग्रहावरची खाण, बारा कामगार, बोगदा कोसळतो. वरच्या यानातला साहेब हुकूम देतो, शटर पाडा, नाहीतर वरची हवाही जाईल. शटर खाली यायला लागतं, आतली माणसं धावत येतात.

काकांनी सिनेमा थांबवला.

गलका झाला. "अरे अंकल! ऐन वक्ताला!" काका पडद्यासमोर उभे. त्यांच्या बनियनवर अर्धं शटर आणि एक ओरडणारं तोंड.

"आता काय करायचं? बोला. हवा किती?"

"बीस मिनट!" चारपाच आवाज एकदम.

"शटर कशावर चालतं?"

"बिजली पे नहीं, हवा के प्रेशर पे! पहले बोला था!"

"मग?"

गुड्डू उभा राहिला. "अंकल, पीछे लेके जाओ। शुरू में। वो मैडम आती है ना, गाना सुनते हुए, उसके पीछे दीवार पे पीला पट्टा था।"

काकांनी सिनेमा मागे नेला. नायिका आली, कानाला काहीतरी लावून हसत. तिच्या खांद्यामागे, भिंतीत, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं झाकण. माणूस मावेल एवढं. सगळी शेड ओरडली. भाऊंनी नायिका पाहिली होती. मी नायिकाही धड पाहिली नव्हती, मी हजेरी मोजत होते. आणि इथे ही पोरं, ज्यांना मी मेलेली पिढी म्हटलं होतं, ती बसल्या जागी त्या खाणीचा नकाशा डोक्यात घेऊन बसली होती. कुठे वळण, कुठे पाइप, कुणाच्या टाकीत किती. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला.

सिनेमातल्या हिरोला ते झाकण सापडायला पुढे पंधरा मिनिटं लागली. सापडल्यावर त्याने मोठा शोध लागल्यासारखा चेहरा केला. अख्खी शेड त्याला चिडवत होती. "अब दिखा इसको!" रंजना ओरडली, "ए शाण्या, तुला चष्मा लागलाय!"

सिनेमा संपला. टाळ्या झाल्या. काका म्हणाले, "चांगला सिनेमा. दार आधी दाखवलं, मग अडचण आणली. फसवलं नाय." मग त्यांनी त्याच आवाजात, काही वेगळं विचारतोय असं न दाखवता विचारलं, "तुमच्या पॅकिंगच्या हॉलला मागचं दार कुठं हाय?"

गुड्डू लगेच म्हणाला, "ड्रम के पीछे। पूरब में।"

"उघडतं?"

"नहीं। ताला है।"

त्यात कुणाला बातमी वाटली नव्हती. मी रंजनाकडे वळले. "कुलूप? कायमचं?"

"ताई, कुलूप असतंच," ती म्हणाली. "माल चोरीला जातो म्हणतात. चावी इन्चार्जकडे असते."

"मला कधी सांगितलं नाहीत!"

"तुमी विचारलं नाय."

तीन पत्रकं. तिन्हींत "सुरक्षितता" हा शब्द ठळक अक्षरांत. आणि एका हॉलमध्ये साठेक बायका-माणसं पेट घेणाऱ्या रसायनांच्या ड्रमांशेजारी आठ-आठ तास उभी होती, मागच्या दाराला कुलूप होतं, आणि मी विचारलं नव्हतं.

काका पडद्याजवळच्या स्टुलावर बसले होते. खाली बघत म्हणाले, "चावी माज्याकडे होती."

कुणाला कळेना.

"हा कारखाना नाय. माजा जुना. सोळा वर्षं इन्चार्ज होतो. मागच्या दाराची चावी माज्या पँटच्या खिशात. वरून सांगितलं, कुलूप लाव. लावलं. जेवायला कँटीनमधे जायचो, चावी माज्याबरोबर. एकदा तर घरी घेऊन आलो आणि झोपलो."

गुड्डू हळूच म्हणाला, "अंकल, आप भी?"

"हां। मैं भी।" मग मराठीत, "काय झालं नाय. एकदाही नाय. पण ते माजं काम नव्हतं, ते नशीब होतं. मी नशिबावर पगार घेतला."

पुढे त्यांनी गेमचं सांगितलं. निवृत्तीनंतर ते जुनं यंत्र जोडलं, पहिल्याच गेममध्ये एक बंद दार आलं. बाजूला एक पहारेकरी उभा. मारत नाही, बोलत नाही. कमरेला चावी. मागे धूर भरतोय आणि तो उभाच. "दोन दिवस त्याला शिव्या घातल्या," काका म्हणाले, "तिसऱ्या दिवशी कळलं, ह्याला मी ओळखतो."

या पट्ट्यात मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. जबाबदारी दुसऱ्यावर टाकण्यात आपल्याकडे माणसं तरबेज आहेत, त्यात आम्हीही आलो. सत्तर माणसांसमोर, ज्यांच्यातली अर्धी तसल्याच दारांच्या आत काम करतात, "चावी माज्याकडे होती" असं म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. कुणी त्यांना शिवी दिली नाही. रंजनाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग काम सुरू झालं. माझ्याकडे उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता, मागची बाजू कोरी. काकांनी ती वाटली आणि म्हणाले, आपापल्या जागेचा नकाशा काढा, गेममधे असतो तसा. कुणी ड्रम काढले, कुणी फोर्कलिफ्टची वाट, कुणी पंखे. रंजनाने तिच्या टेबलापासून मागच्या दारापर्यंतची पावलं लिहिली, आणि पुढच्या दारापर्यंतची. मागचं दार जवळ होतं. कितीतरी जवळ. गुड्डूने ड्रम कुठल्या दिवशी किती उंच रचतात तेही मांडलं. संध्याकाळ व्हायच्या आत सगळे तुकडे जोडून जमिनीवर तो हॉल उभा राहिला होता. ज्या हॉलमध्ये मला कुणी पाय ठेवू दिला नव्हता, त्यात मी डोळे मिटून चालू शकले असते.

नवं पत्रक करायला मी बसले. नकाशा मध्ये, वर दोन ओळी. "मुजोर व्यवस्थापनाचे जुलमी कुलूप!"

काकांनी पेन घेतलं. "जुलमी काढ."

"का?"

"नकाशावर 'जुलमी भिंत' असं लिवलेलं बघितलंस कधी?"

"मुजोर तरी राहू दे!"

"नको. मुजोर म्हटलं की ते चिडणार आणि तुज्याशी भांडणार. कुलूप म्हटलं की कुलपाबद्दल बोलावं लागंल."

मी भांडले. खरंच भांडले, रडकुंडीला आले. शेवटी पत्रकावर नकाशा राहिला, दाराच्या जागी लाल फुली, आणि खाली एक ओळ. "इथे कुलूप आहे. आग लागली तर चावी कुठे असेल?" माझं आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक. त्यात वडापाव कुणी खाल्ला नाही. ते घड्या घालून खिशात गेलं, बसमध्ये उघडलं गेलं, त्यावर बोटं फिरली. इतर कारखान्यांतली पोरं येऊन विचारू लागली, आमचाही काढायचा, कसा काढायचा?

कारखान्याचं उत्तर आधी आलं, असं कुलूप नाहीच. मग आलं, कुलूप आहे पण चावी जवळच असते. मग गुड्डूला बोलावून विचारलं, नकाशा कुणी काढला? गुड्डू म्हणाला, "साब, सबने।" त्याला आठ दिवस कामावर घेतलं नाही. नवव्या दिवशी रंजना आणि पॅकिंगच्या बायका फाटकाबाहेरच बसल्या. घोषणा नाहीत. प्रत्येकीच्या हातात नकाशा. मी तक्रार घेऊन पालघरला सरकारी कचेरीत गेले, नकाशा जोडला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने तो हातात धरून हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि कुणाला न विचारता सरळ ड्रमांच्या मागे गेला. तेवढं पुरलं. गुड्डू परत कामावर आला. कुलूप निघालं, कोयंड्यासकट.

मी पेढे घेऊन चाळीत आले. शेडमध्ये सगळे जमले होते, भाऊसुद्धा. भाऊंनी काकांसाठी शाल आणली होती. काकांनी शाल काकूंच्या हातात दिली आणि पेढा हातातच ठेवून विचारलं, "कुठल्या बाजूला उघडतं?"

"काय?"

"दार. आत उघडतं का भायेर?"

मी भाऊंकडे बघितलं, भाऊंनी गुड्डूकडे. एवढं लढलो, तिघांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. दार उघडलेलं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं ना. रंजना डोळे मिटून उभी राहिली, कुलूप निघाल्यावर कालच तिने ते हाताने ओढून बघितलं होतं. "आत," ती म्हणाली. "आत ओढायला लागतं, काका."

"मग साठ माणसं मागनं रेटतील तेव्हा कोण आत ओढंल?"

पेढा त्यांनी परत डब्यात ठेवला. सगळ्यांनी ठेवले. मला त्या वेळी राग यायला हवा होता. आला नाही. असा माणूस आपल्या बाजूला आहे, एवढंच वाटलं.

बिजागऱ्या फिरवून घ्यायला आणखी पाच आठवडे गेले. दुसरं पत्रक निघालं, त्यात दाराचं चित्र आणि एक बाण. माझा एकही शब्द नव्हता. ज्या दिवशी दार फिरलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका आणि मी कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर, तारेच्या कुंपणाबाहेर उभे होतो. भिंतीच्या सावलीत बसून जेवता येईल म्हणून बायका त्याच बाजूने येणार होत्या. काका दोन्ही हातांनी तार धरून उभे होते.

आतून भांड्यांचा आवाज आला. दार हललं. रंजना होती, दोन्ही हातांत दोन-दोन डबे, दाराकडे पाठ केलेली. तिने कमरेने एक धक्का दिला आणि दार सरळ बाहेर आलं, भिंतीला जाऊन टेकलं. तिने वळून आम्हाला कुंपणाबाहेर पाहिलं आणि डबे उंच धरून ओरडली,

"काका, बघा! हात पण नाय लावला!"